पत्रावळीचे मोल कोणाच्या पदरात?

ताटे, पेले, चमचे यांसारख्या एकदाच वापरून फेकावयाच्या प्लॅस्टिकच्या वस्तूंवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आली. महाराष्ट्राने असे पाऊल २०१८ मध्येच उचलले होते. आता पळसाच्या पत्रावळी व द्रोण यांना पुन्हा मागणी येईल आणि वनक्षेत्रातील स्त्रियांच्या हाताला काम मिळेल, अशी अपेक्षा या निर्णयांमुळे निर्माण झाली. अपेक्षा रास्त होती. परंतु मागणी वाढली की उत्पादकाचे उत्पन्न आपोआप वाढते, हे गृहीत अर्थशास्त्राच्या कसोटीला उतरत नाही.

गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा या जिल्ह्यांत पळस विपुल आहे. उन्हाळ्यात त्याला नवी पालवी फुटते. पाने पुरेशी मोठी झाली की ती तोडावयाची, वाळवावयाची, गठ्ठे बांधून दाबून ठेवावयाची आणि टाचण्यापूर्वी पाणी शिंपडून मऊ करावयाची, असा हा क्रम असतो. या व्यवसायास भांडवल जवळजवळ लागत नाही आणि घरची कामे सांभाळून तो करता येतो. म्हणून तो स्त्रियांकडे आला. नेमक्या याच कारणाने त्यातील मोबदलाही तुटपुंजा राहिला. जे श्रम घरकामाचाच भाग मानले जातात त्यांचे तास कोणी मोजत नाही, आणि न मोजलेले तास मालाच्या भावात धरले जात नाहीत.

याहून महत्त्वाचा प्रश्न साठवणुकीचा आहे. पानांचा हंगाम थोडक्या दिवसांचा. मागणी मात्र लग्नसराई, सणवार, महाप्रसाद अशी वर्षभर विखुरलेली. मधला काळ माल राखून ठेवण्याची ऐपत ज्याच्यापाशी आहे, तोच नफ्याचा धनी होतो. खरिपाच्या तोंडावर बी-बियाण्यासाठी रोख पैसा हवा असलेली स्त्री मिळेल त्या भावाला माल देऊन मोकळी होते. घरी ठेवावा तर पावसाळ्याच्या दमट हवेत बुरशीचे भय. परिणामी, मागणीबरोबर भाव चढला तरी ती चढण प्रथम गोदामवाल्याच्या वहीत जमा होते. बाजार कोणताही असो, कष्टकऱ्याच्या बाबतीत पळसाला पाने तीनच!

शिवाय प्लॅस्टिक गेल्याने स्पर्धा संपलेली नाही. कागदी ताटल्या आणि उसाच्या चिपाडाच्या लगद्याची ताटे कारखान्यातून एकसारखी व हव्या तेवढ्या संख्येने येतात. पत्रावळीला साच्यात दाबून मजबुती देणारी यंत्रे उपलब्ध आहेत; पण ती शहरातील व्यापाऱ्याच्या मालकीची राहिली, तर टाचणारी स्त्री केवळ पाने पुरविणारी मजूर ठरेल.

शासनाने काही केले नाही, असे म्हणता येणार नाही. वनहक्क कायद्याने २००६ मध्ये गौण वनोपजावरील मालकी वनवासींना दिली. १ ऑक्टोबर २०१९ पासून पानांच्या पत्रावळी व द्रोण वस्तू व सेवा करातून मुक्त झाले. २०१८ पासूनच्या वनधन योजनेने वनोपजावर प्रक्रिया करणारे गट उभे करण्याचा प्रयत्न केला. तथापि, खरी अडचण कराची नसून थांबण्याच्या शक्तीची आहे. ती दूर व्हावयाची तर गावातच कोरडे गोदाम, ठेवलेल्या मालाच्या तारणावर बँकेची उचल आणि गटाच्या मालकीचे यंत्र, या तीन गोष्टी एकत्र हव्यात. शासकीय समारंभ व मोठी देवस्थाने यांनी श्रमाचे तास हिशेबात धरून वर्षभराचा खरेदी-करार केला, तर भावालाही आधार मिळेल.

यामुळे पत्रावळ महागेल, असा आक्षेप घेतला जाईल. परंतु पंगतीच्या एकूण खर्चात पत्रावळीचा वाटा अल्पच असतो. भाव थोडा चढल्याने कोणी पंगत रद्द करीत नाही. १९५९ मध्ये गिरगावात सात महिलांनी ८० रुपये उसने घेऊन लिज्जत पापडाचा उद्योग आरंभिला. त्यात लाटणाऱ्या स्त्रिया भागीदार राहिल्या, म्हणून नफा त्यांच्यापर्यंत पोहोचला. पत्रावळीच्या बाबतीतही मालकीचा हा प्रश्न टाळून चालणार नाही. अन्यथा बंदीचे श्रेय शासनाला, नफा व्यापाऱ्याला आणि पाने गोळा करण्याची पायपीट तेवढी स्त्रियांच्या वाट्याला, अशी वाटणी कायम राहील.