माशी भरवू नका, पाणी बदला



जामसरच्या आमच्या घरात सध्या एका कुंडीवरून वाद चालू आहे. पुतण्याला वाढदिवसाला कोणीतरी व्हीनस फ्लायट्रॅप दिलं. मुलं त्याला माशा भरवू लागली. जाऊबाई म्हणाल्या, "हे पापी झाड आधी उकिरड्यावर टाका." मला दोन्ही पटत नाही.

झाड पापी कसं? कास पठारावरची 'सीतेची आसवं' बघून आपण हरखतो, फोटो काढतो. तेही कीटकभक्षीच. त्याच्या बारीक पिशव्या ओल्या मातीतले सूक्ष्म जीव ओढून घेतात. अशी झाडं निकस जमिनीत वाढतात. तिथे न मिळणारं नत्र ती किड्यांतून घेतात. अन्न मात्र इतर झाडांसारखं उन्हावरच तयार करतात.

झाड एकेंद्रिय, ते स्वभावाने वागतं. माशी चतुरिंद्रिय, आणि तिला चिमट्यात धरून भरवणारा हात आपला. करणं, करवणं, अनुमोदन देणं, तिन्ही आपल्याच खात्यावर.

"पण उपाशी मरेल ना?" नाही मरत. किड्यांशिवाय ते हळू वाढतं, एवढंच. कुंडीवर बारीक जाळी घाला. ही झाडं घरात मरतात ती बहुतेक बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने, शेणखताने आणि अंधाऱ्या कोपऱ्याने. एखादा जुना सापळा काळा पडला तर घाबरू नका, तो कापून टाका. सगळीच पानं काळी-पिवळी पडू लागली तर पाणी आणि माती तपासा. खत न घातलेलं पीट मॉस आणि धुतलेली जाड वाळू घ्या, रोज चार-पाच तास ऊन द्या. सापळ्यात बोट घालून खेळू नका. प्रत्येक सापळा थोड्याच वेळा मिटतो, मग निकामी होतो.

पाणी पावसाचंच हवं. जव्हारकडे त्याची काय कमी? गाळून, झाकून साठवा. थाळीत एका दिवसात शोषलं जाईल एवढंच पाणी ठेवा. साचलेल्या पाण्यात डासांच्या अळ्या होतात आणि मग ते पाणी ओतताना खरी हिंसा होते. त्याबद्दल आपण कधी वाद घालतो का?

मी तर म्हणते, असं झाड हौसेने विकत आणू नका, पठारावरून उपटून तर मुळीच आणू नका. पण दारी आलेल्या जिवाला पापी म्हणून उकिरड्यावर टाकणं हा धर्म नव्हे. जयणा त्यालाही लागू आहे.