गोळी पास, उपचार नापास

सांवेर रोडवरच्या एका लहानशा औषध कारखान्यात मी दोन वर्षांपासून क्वालिटी कंट्रोलमध्ये आहे. सकाळी मरीमाता चौराह्यावरून बस पकडायची, बाणगंगा मागे टाकायची, गेटवर अंगठा लावायचा, ॲप्रन चढवायचा आणि दिवसभर गोळ्या तपासायच्या. पाकिटावर लिहिलंय तेवढं औषध गोळीत आहे का, ती ठरलेल्या वेळात विरघळते का, एकीचं वजन दुसरीपेक्षा फार वेगळं तर नाही ना. सगळं जुळलं की रिपोर्टवर सही. बॅच पास.

मी या कॉलेजची विद्यार्थिनी नाही. धाकटा भाऊ इथे शिकतो आणि त्याच्यामुळे मी मराठी मंडळाची सभासद झाले. कवितांच्या आणि ललित लेखांच्या अंकात फार्मसीवाल्या बाईने काय लिहायचं, असं संपादकांना विचारलं, तर ते म्हणाले, "तुम्हाला जे बोलायचंय ते लिहा." म्हणून लिहिते आहे.

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. त्या दिवशी आम्ही सेफिक्सिम या अँटिबायोटिकची एक बॅच पास केली होती. संध्याकाळी घरी जाताना बाणगंगेजवळच्या एका मेडिकलवर थांबले. माझ्यापुढे एक मजूर उभा होता. त्याने चुरगळलेल्या दोन नोटा काउंटरवर ठेवल्या. "भैया, वो बुखार वाली दो गोली दे दो. कल खाई थी तो आराम था." दुकानदाराने कात्रीने पत्ता कापला आणि दोन गोळ्या पुडीत बांधून दिल्या. सेफिक्सिमच होत्या. चिठ्ठी नाही, नोंद नाही, किती दिवस घ्यायच्या याबद्दल एक शब्द नाही.

तो गेल्यावर मी दुकानदाराला विचारलंच. तो चिडला नाही. म्हणाला, "मॅडम, पूरा पत्ता घेने को बोलूंगा तो कुछ नहीं लेगा. और मैं नहीं दूंगा तो अगली दुकान से ले लेगा."

बसमध्ये तेच डोक्यात घोळत राहिलं. माझ्या कागदावर ती गोळी पास होती. पण अर्धवट डोस पोटात गेल्यावर ताप खरंच उतरला की नुसता दबला, जंतू मेले की आणखी चिवट झाले, याचा कागद कुणाकडेच नव्हता. गोळी पास आणि उपचार नापास, असा निकाल लावणारी प्रयोगशाळा आमच्या कारखान्यात नाही. ती असते सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासात. म्हणून माझं मत असं झालंय की फार्मसीची पदवी आणि सार्वजनिक आरोग्याचं पदव्युत्तर शिक्षण, म्हणजे एमपीएच, या दोन गोष्टी एकाच माणसाकडे असायला हव्यात. सगळ्यांकडे नकोत, पण आज आहेत त्यापेक्षा पुष्कळ जास्त जणांकडे.

याची गरज किती आहे, हे आपल्याच राज्यात २०२५ मध्ये दिसलं. छिंदवाडा जिल्ह्यातल्या परासिया भागात लहान मुलांना साधा सर्दी-ताप आला. खोकल्याचं औषध दिलं गेलं. मग मुलांची लघवी बंद झाली, मूत्रपिंडं निकामी झाली. कितीतरी मुलांना नागपूरला हलवलं. वीसहून अधिक लेकरं गेली. कोल्ड्रिफ नावाच्या त्या सिरपचा नमुना तमिळनाडूत तपासला गेला, तेव्हा त्यात ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल निघालं. हे कारखान्यांत वापरायचं द्रावण. चवीला गोड, दिसायला ग्लिसरीनसारखं, आणि मूत्रपिंडाला घातक. औषधात त्याची चालणारी मर्यादा ०.१ टक्का आहे. सप्टेंबरमध्ये मुलं दगावत होती आणि आपल्या राज्यात बंदी आली ४ ऑक्टोबरला.

त्या मधल्या दिवसांचा विचार माझ्या मनातून जात नाही. हे द्रव्य कसं शोधायचं ते आम्हाला शिकवलेलं असतं. गॅस क्रोमॅटोग्राफीवर ते पकडता येतं. पण नमुना तपासायला कधी येतो? 'या सगळ्या मुलांमध्ये समान काय आहे?' असा प्रश्न कुणीतरी विचारतं तेव्हा. कोण कुठे राहतं, कुठलं पाणी पितं, काय खाल्लं, कुठलं औषध घेतलं, याची यादी करून एकेक शक्यता खोडत जाणं, हे साथरोगशास्त्राचं काम. एमपीएचचा तो पहिला विषय. म्हणजे बाटली आणि मूल यांच्यातला धागा शोधणारं ज्ञान एका खोलीत आणि बाटलीतलं विष ओळखणारं ज्ञान दुसऱ्या खोलीत. या खोलीतून त्या खोलीत कागद पोचेपर्यंत दिवस जातात.

आणि हे पहिल्यांदा घडलं असंही नाही. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात याच द्रव्याची भेसळ असलेल्या ग्लिसरीनमुळे १४ रुग्ण दगावले होते. न्यायमूर्ती लेंटिन यांचा चौकशी आयोग बसला, त्याचा अहवाल गाजला. त्याच्याही आधी, १९३७ मध्ये, अमेरिकेत सल्फानिलामाइडच्या अशाच पातळ औषधाने शंभरावर बळी घेतले आणि तिथला औषध कायदा १९३८ मध्ये बदलला. फार्मसीच्या पुस्तकात ही उदाहरणं असतात. आम्ही ती पाच मार्कांसाठी पाठ करतो.

खरं म्हणजे कायद्याने फार्मासिस्टला सार्वजनिक आरोग्याच्या कामात आधीच ओढलंय. सेफिक्सिमसारखी अँटिबायोटिक्स शेड्यूल एच-१ मध्ये येतात. १ मार्च २०१४ पासून अशी औषधं विकताना डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव, औषध आणि किती दिलं हे वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहायचं आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं, असा नियम आहे. २०१८ पासून क्षयरोगाची औषधं देणाऱ्या केमिस्टनेही त्या रुग्णाची माहिती सरकारला कळवायची आहे. औषधाचा दुष्परिणाम दिसला तर कळवायला १८००-१८०-३०२४ हा टोल फ्री नंबर आहे.

आता विचार करा, बाणगंगेसारख्या वस्तीतली सगळी एच-१ रजिस्टरं खरीखुरी भरली आणि दर महिन्याला कुणी एकत्र वाचली, तर कुठल्या गल्लीत काय पसरतंय हे दवाखान्याच्या आधी मेडिकलवर कळेल. जुलाबाची साथ आली की ओआरएसची पाकिटं आधी संपतात. हे प्रत्येक दुकानदाराला माहीत असतं, फक्त त्याला ते कुणी विचारत नाही. रजिस्टर भरणारा फार्मासिस्ट आहे. ते वाचता येणारा फार्मासिस्ट हवाय.

औषध तेच ठेवून ते पोचवण्याची रीत बदलली तर काय होतं, हे गडचिरोलीत दिसलं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८४ मध्ये अमेरिकेच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून एमपीएच केलं आणि परत येऊन गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था काढली. गावातल्याच बायकांना त्यांनी नवजात बाळांची काळजी घ्यायला, जंतुसंसर्ग ओळखायला आणि वेळ आली तर अँटिबायोटिक द्यायला शिकवलं. त्या गावांतले नवजात बालमृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये हे छापून आलं. वापरलेली औषधं, जेंटामायसिन आणि को-ट्रायमोक्सॅझोल, जुनी आणि स्वस्त होती. ती कोण देणार, कुठे देणार आणि कधी, हे नवं होतं. बंग दाम्पत्य डॉक्टर आहे. डॉक्टरांनी ही वाट केव्हाच धरली. आपण फार्मसीवाले मात्र अजून एम.फार्म. की एमबीए, एवढ्यावरच अडलोय.

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना, आयोवा अशा विद्यापीठांत फार्म.डी. आणि एमपीएच जोडीने करता येतात. काही विषय दोन्हीकडे धरले जातात, त्यामुळे वेळ वाचतो. आपल्याकडे फार्म.डी. हा सहा वर्षांचा अभ्यासक्रम २००८ मध्ये आला, पण अशी जोडी रुळलेली नाही. दोन अभ्यासक्रम एकाच वेळी करायला यूजीसीने २०२२ मध्ये परवानगी दिली खरी. तरी फार्मसीची प्रॅक्टिकल्स आणि उपस्थितीची अट पाहता ते जमणं कठीणच. म्हणून आपल्याला एकामागून एकच करावं लागतं. तिरुअनंतपुरमच्या अच्युत मेनन केंद्रात एमपीएच १९९७ पासून आहे. मराठी मुलांना जवळची म्हणजे मुंबईची टिस आणि पुण्याचं सावित्रीबाई फुले विद्यापीठ. प्रत्येकाच्या प्रवेशाच्या अटी वेगळ्या आहेत, त्या नीट वाचून घ्या.

आता दुसरी बाजू. ती आमच्या घरातच आहे. माझे आजोबा इंदूरच्या गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा घरात काय झालं ते बाबांनी पाहिलंय. त्यामुळे चालू नोकरी सोडून दोन वर्षं शिकायचं म्हटल्यावर ते म्हणाले, "अगं, शिकून झाल्यावर तुला ठेवणार कोण? डॉक्टर सोडून फार्मसीवालीला कोण विचारतं?"

बाबांचं चूक नाही. सार्वजनिक आरोग्यातल्या बऱ्याच नोकऱ्या कंत्राटी असतात. वरच्या जागांवर एमबीबीएसवाल्यांनाच आधी बोलावतात. 'बी.फार्म. आणि एमपीएच हवे' अशी जाहिरात क्वचितच दिसते. कुणी पगाराच्या आशेने या वाटेला येत असेल तर त्याने येऊ नये, हे मी सरळ सांगते. शिवाय बी.फार्म. संपल्या संपल्या एमपीएचला जाणंही मला पटत नाही. कारखाना पाहिला नाही, काउंटरवर उभं राहिलो नाही, तर ना धड हे येणार ना धड ते. एक-दोन वर्षं काम करा आणि मग जा. मला तो मजूर भेटला नसता तर साथरोगशास्त्र हाही पाठ करायचा आणखी एक विषय झाला असता.

पण 'कोण ठेवणार' या प्रश्नाला माझ्याकडे थोडंफार उत्तर आहे. नव्या शेड्यूल एमचे नियम आल्यापासून लहान कारखान्यांनाही तक्रारी आणि परत आलेला माल यांचा नीट माग ठेवावा लागतोय. दुष्परिणामांची नोंद ठेवणाऱ्या केंद्रांना औषध आणि आकडेवारी दोन्ही समजणारी माणसं लागतात. आणि २०२८ला उज्जैनचा सिंहस्थ आहे. तेव्हा याच सांवेर रोडने माणसांचा पूर येणार. कुठल्या पडावावर किती ओआरएस, किती इन्सुलिन, किती श्वानदंशाची लस ठेवायची, हा हिशेब नुसत्या डॉक्टरचा नाही आणि नुसत्या स्टोअरकीपरचाही नाही.

एमपीएच सगळ्यांना जमणार नाही. पण एक गोष्ट उद्यापासून करता येईल. बी.फार्म.च्या आठव्या सेमिस्टरला 'सोशल अँड प्रिव्हेंटिव्ह फार्मसी' नावाचा विषय आहेच. बहुतेक जण तो शेवटच्या आठवड्यात नोट्स वाचून काढतात. मीही तेच केलं. तो विषय वर्गातून उचलून सांवेर रोडच्या वस्तीत न्यायला हवा. प्रत्येक विद्यार्थ्याने एका मेडिकलवर काही संध्याकाळी उभं राहावं आणि लोक काय मागतात, किती मागतात आणि अर्धाच पत्ता का घेतात, एवढं लिहून आणावं. त्या मजुराला पूर्ण कोर्स का परवडत नाही, सरकारी दवाखान्याच्या रांगेत त्याची दिवसाची हजेरी बुडते का, हे विचारल्याशिवाय त्याला किंवा दुकानदाराला दोष देण्यात अर्थ नाही.

आणि साहित्य मंडळाच्या मित्रमैत्रिणींनो, यात तुमचंही काम आहे. औषधाच्या पाकिटातलं माहितीपत्रक मुंगीच्या अक्षरात, इंग्रजीत असतं. सांवेर रोडवरचा कामगार माळवी बोलतो, निमाडी बोलतो, खानदेशातून आलेला अहिराणी बोलतो. 'ताप उतरला तरी डॉक्टरने सांगितलेले सगळे दिवस गोळ्या घ्या' हे एक वाक्य त्याला समजेल आणि पटेल अशा भाषेत लिहिणं सोपं नाही. मी तीनदा लिहिलं, तीनदा ते सरकारी परिपत्रक झालं. माझ्याकडे औषधाची माहिती आहे, तुमच्याकडे भाषा आहे. बाणगंगेच्या त्या दुकानदाराने चिठ्ठी काउंटरवर चिकटवायला होकार दिलाय. मजकूर तेवढा हवाय.

एमपीएचचा फॉर्म मी भरलाय. बाबांनी फीचा आकडा दोनदा वाचला आणि चष्मा काढून ठेवला. "नोकरीवर सांगायच्या आधी मला सांग," एवढंच म्हणाले.