बचत एका खात्यात, मोडतोड दुसऱ्या

वीज निर्माण करणाऱ्याने निर्मिती करावी, वाहून नेणाऱ्याने पारेषण करावे आणि दोघांचे हिशेब निराळे असावेत, हा विद्युत् क्षेत्रातील सुधारणावाद्यांचा लाडका सिद्धान्त आहे. यंत्रे मात्र तो मानत नाहीत.

अमेरिकेतील नेवाडा राज्यात मोहावे येथे औष्णिक वीजकेंद्र होते. डिसेंबर १९७० आणि ऑक्टोबर १९७१ अशा दोन प्रसंगी तेथील जनित्राचा दांडा निकामी झाला. कारण दांड्यात नव्हते, वाहिनीत होते. लांब वाहिनीवर एकसर कपॅसिटर बसवले की तिची वहनक्षमता वाढते आणि दुसऱ्या वाहिनीचा खर्च टळतो. ही बचत खरी आहे. पण अशा वाहिनीला स्वतःची एक कंप्रता लाभते. वाफेच्या टर्बाइनचा लांबलचक दांडाही आपल्या ठरावीक कंप्रतेने पिळला जातो. जाळ्याच्या ६० आवर्तनांतून वाहिनीची कंप्रता वजा केली असता उरणारा आकडा दांड्याच्या कंप्रतेशी जुळला, तर वाहिनी दांड्याला व दांडा वाहिनीला झोके देत राहतो. मोहावेत हा आकडा ३० च्या आसपास होता. बाहेरून काही न दिसता पोलाद आतून थकत जाते. तोवर अशा गणितांत दांडा न पिळणारा, एकसंध मानण्याची रूढी होती. वीजवाले आणि यंत्रवाले आपापले कागद पाहत होते! तरी केंद्र चालवणाऱ्या कंपनीचेच पारेषणजाळे असल्याने निदान बचत आणि नुकसान एकाच घरात होते.

टेक्सासमध्ये २००९ साली ते घरही उरले नव्हते. एका बिघाडानंतर काही पवनचक्क्या केवळ एकसर कपॅसिटर असलेल्या वाहिनीला जोडलेल्या राहिल्या. या वेळी दांड्याऐवजी त्यांची इलेक्ट्रॉनिक नियंत्रणे वाहिनीशी झुंजली, आणि पवनचक्क्या व कपॅसिटर दोहोंचे नुकसान झाले. चक्क्या एकाच्या, वाहिनी दुसऱ्याची, आणि नियंत्रणाची घडण तर बनवणाऱ्या कारखानदाराचे व्यापारी गुपित.

महाराष्ट्रात राज्य वीज मंडळाचे विभाजन २००५ साली झाले, आणि वारा व ऊन यांवरील निर्मिती बहुतांशी खासगी हातांत आहे. ते विभाजन उद्या मागे घेतले जाईल, अशी आशा भाबडी ठरेल. परंतु जाळ्याला जोडणी मागणाऱ्याने दांड्याची व नियंत्रणाची संपूर्ण माहिती सार्वजनिक पारेषण यंत्रणेच्या हवाली केलीच पाहिजे, आणि कपॅसिटर बसवण्यापूर्वीच्या अभ्यासाचा खर्च बचतीतून वजा झाला पाहिजे. वीज नियामक आयोगापुढे दराची सुनावणी होते, तेव्हा कार्यकर्त्यांनी युनिटच्या भावाबरोबर हा हिशेबही मागावा.