विश्लेषण : नार्कोलेप्सी जनुकांतून येते का? ‘झोपाळू’ म्हणून हिणवण्यापूर्वी काय तपासायला हवे?

धरमतर खाडीच्या परिसरात रात्रही कामाची असते. डोलवीचा पोलाद कारखाना, जेट्टीवरची मालवाहतूक, नागोठण्याचे पेट्रोकेमिकल संकुल, रोह्याजवळची धाटाव औद्योगिक वसाहत आणि या सगळ्यांचा माल वाहणारे मुंबई-गोवा महामार्गावरचे ट्रक. अशा ठिकाणी दिवसा डुलकी लागली की दोष रात्रपाळीला दिला जातो, नाहीतर आळसाला. बहुतेकदा कारण अपुरी झोप हेच असते. पण काहींच्या बाबतीत ते मेंदूत असते. त्या आजाराचे नाव नार्कोलेप्सी.

हा आजार नेमका काय?

मेंदूतील हायपोथॅलॅमस या भागातील हजारो पेशी हायपोक्रेटिन (दुसरे नाव ओरेक्सिन) हे रसायन तयार करतात. माणसाला जागे ठेवण्याचे काम ते करते. पहिल्या प्रकारच्या नार्कोलेप्सीत या पेशी नष्ट होतात. मग पुरेशी झोप होऊनही दिवसा झोप अनावर होते. जोरात हसताना किंवा चिडताना गुडघ्यातले बळ जाते, मान लटकते, पण शुद्ध हरपत नाही. याला कॅटाप्लेक्सी म्हणतात. झोपेतून जाग येताना अंग हलत नाही, छातीवर कुणी बसल्यासारखे वाटते. अनेक घरांत याची समजूत ‘बाहेरची बाधा’ अशी घातली जाते आणि उपचार लांबतात. युरोप-अमेरिकेत साधारण दोन हजारांत एकाला हा आजार असतो. लक्षणे बहुधा शाळा-कॉलेजच्या वयात सुरू होतात.

जनुकांचा संबंध कसा उलगडला?

जपानी संशोधकांनी १९८०च्या दशकात रुग्णांच्या रक्तात रोगप्रतिकारशक्तीशी निगडित एचएलए जनुकांचा एक ठरावीक प्रकार सापडत असल्याचे दाखवले. पुढे तो सहाव्या गुणसूत्रावरील ‘डीक्यूबी१*०६:०२’ असल्याचे निश्चित झाले. कॅटाप्लेक्सी असलेल्या ९० टक्क्यांहून अधिक रुग्णांत तो आढळतो. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात १९९९ मध्ये डॉबरमन कुत्र्यांमधील नार्कोलेप्सीचे मूळ हायपोक्रेटिन ग्राहकाच्या जनुकातील बिघाडात असल्याचे समजले. माणसांत मात्र जनुक बिघडलेले नसते, पेशीच नाहीशा झालेल्या असतात, हे २००० मध्ये स्पष्ट झाले. शरीराची प्रतिकारयंत्रणाच या पेशींवर हल्ला करत असावी, असे आज मानले जाते. टी-पेशींच्या ग्राहकाशी संबंधित जनुकातील फरकही धोका वाढवतात, हे २००९ मधील संशोधनाने दाखवले. त्यामुळे या मताला बळ मिळाले.

मग जनुक आहे म्हणजे आजार होणारच?

नाही. हाच प्रकार अनेक समाजांत १२ ते ३८ टक्के निरोगी लोकांतही असतो. त्यांतील बहुसंख्यांना आयुष्यभर काहीही होत नाही. रुग्णाच्या भावंडांना वा मुलांना धोका एक ते दोन टक्के, म्हणजे इतरांपेक्षा बराच जास्त, तरीही कमीच. एकसारख्या जुळ्यांतही एकाला आजार असताना दुसऱ्याला तो होतोच असे नाही. जनुक जमीन तयार करते, ठिणगी बाहेरून पडते. २००९-१० च्या स्वाइन फ्लू साथीनंतर चीनमध्ये रुग्ण वाढले. फिनलंड, स्वीडनमध्ये ‘पँडेमरिक्स’ लशीनंतर मुलांमध्ये वाढ दिसली आणि त्यांतील जवळपास सर्वांत हेच जनुक होते. ती लस आता वापरात नाही.

निदान कसे होते?

केवळ जनुकीय चाचणीवर निदान होत नाही. प्रयोगशाळेत रात्रभर झोपेची नोंद घेतात. दुसऱ्या दिवशी रुग्णाला ठरावीक अंतराने चार-पाच वेळा डुलकी घ्यायला सांगतात. सरासरी आठ मिनिटांच्या आत झोप लागली आणि किमान दोनदा लगेच स्वप्नांची झोप सुरू झाली, तर नार्कोलेप्सीची शक्यता बळावते. त्याआधी घोरण्यातून होणारा श्वासरोध आणि अपुरी झोप ही कारणे तपासावी लागतात. हायपोक्रेटिनची कमतरता पूर्णपणे भरून काढणारा उपचार अद्याप रूढ नाही. तरी मोडाफिनिलसारखी औषधे आणि दुपारच्या ठरावीक डुलक्या यांनी दैनंदिन कामे करता येतात.

नोकरी आणि विम्याचे काय?

वाहन परवान्याच्या अर्जातील घोषणापत्रात फेफरे आणि अचानक शुद्ध हरपणे यांची विचारणा होते, झोपेच्या विकाराचा वेगळा प्रश्न नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांतही नार्कोलेप्सीचे नाव नाही. त्यामुळे आजार सांगितला तर काम जाईल या भीतीने चालक तो लपवण्याची शक्यता असते, आणि उपचाराविना स्टीअरिंगवर बसणे त्याच्यासाठी आणि रस्त्यावरच्या इतरांसाठीही घातक असते. विम्याच्या बाबतीत दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये महत्त्वाचा निकाल दिला. हृदयविकाराच्या एका प्रकरणात, ‘जनुकीय आजार’ एवढ्याच सबबीवर सरसकट दावा नाकारणे भेदभावाचे ठरते, असे न्यायालयाने म्हटले.

हसताना गुडघे ढिले पडणे आणि पुरेशी झोप होऊनही महिनोन्‌महिने दिवसा अनावर झोप येणे, ही दोन लक्षणे एकत्र दिसली तर मेंदूविकारतज्ज्ञाकडे जाणे योग्य. ते होईपर्यंत गाडी चालवणे आणि चालू यंत्राजवळचे काम टाळावे. पाळी बदलून देणे मुकादमाच्या हातात असते. आळशी ठरवून कामावरून काढल्याने आजार बरा होत नाही.