शाळा पाहावी पावसाळ्यात

गावी परत जाण्याची भाषा कोकणी माणसाला नवी नाही. गिरणगावात उभे आयुष्य काढलेल्या पिढीने ती निवृत्तीनंतरच्या दिवसांसाठी राखून ठेवली होती. फंडाचे पैसे हाती आले की घर शाकारायचे, विहिरीतला गाळ काढायचा आणि ओटीवर बसून उरलेले दिवस काढायचे, असा तो संकल्प असे. २०२० च्या महामारीनंतर मात्र परतीचा विचार करणारी माणसे वेगळी आहेत. ती पस्तिशी-चाळिशीची आहेत, घरी बसून संगणकावर काम करता येते हे त्यांनी अनुभवले आहे, लोकलच्या गर्दीने त्यांना पुरते पिळून काढले आहे आणि त्यांची मुले अजून प्राथमिक शाळेत आहेत. परतणाऱ्या आजोबांनी जवळपास दवाखाना आहे ना, एवढे पाहिले म्हणजे पुरत असे. या तरुण कुटुंबांपुढचा पहिला प्रश्न शाळेचा आहे.

हा प्रश्न ती कशी सोडवितात? माझ्या परिचयातील डोंबिवलीच्या एका कुटुंबाने कुडाळ तालुक्यातील आपल्या मूळ गावी जाण्याचे ठरविले तेव्हा त्यांनी प्रथम दहावीच्या निकालाचे आकडे पाहिले. कोकण विभागीय मंडळ २०१२ पासून स्वतंत्र झाले आणि तेव्हापासून निकालात ते सतत राज्यात अग्रेसर आहे. २०२४ मध्ये त्याचा निकाल ९९.०१ टक्के लागला, २०२५ मध्ये ९८.८२ टक्के. हे पाहून मंडळी निश्चिंत झाली. कोकणाचे हे यश अभिमानास्पद आहे यात शंका नाही. पण जिथे शंभरातील नव्व्याण्णव मुले उत्तीर्ण होतात, तिथे हा आकडा एका शाळेला दुसरीपासून वेगळी काढण्याच्या कामी निरुपयोगी ठरतो. शिवाय दहावीचा निकाल असतो माध्यमिक विद्यालयाचा. कोकणात ही विद्यालये बहुतेक ठिकाणी खासगी अनुदानित संस्थांची आहेत. कित्येक गावांत तर मुंबईला राहणाऱ्या गावकऱ्यांनीच मंडळ स्थापून, वर्गणी काढून ती उभी केली आहेत. तिसरीतल्या मुलाला ज्या शाळेत घालायचे ती जिल्हा परिषदेची. एकीचे गुणपत्रक पाहून दुसरीची पारख कशी व्हावी?

निकालानंतर पाहिली जाते ती सरकारी संकेतस्थळावरील माहिती. देशातील प्रत्येक शाळेला अकरा अंकी यू-डायस क्रमांक असतो आणि त्यावरून शाळेचा पट, शिक्षकांची संख्या, वर्गखोल्या, स्वच्छतागृहे, वीज, पाणी असा तपशील घरबसल्या मिळतो. ही सोय मोठी आहे. ज्याने ती वापरली नाही त्याने शाळेचा शोध सुरूच केला नाही असे मी म्हणेन. परंतु ही माहिती शाळेनेच भरलेली असते, आणि भरणारा मुख्याध्यापक प्रामाणिक असला तरी रकान्याला ‘होय’ आणि ‘नाही’ एवढीच उत्तरे ठाऊक असतात. ‘संगणक : होय’ असे लिहिलेल्या शाळेत तो संगणक प्लॅस्टिकच्या आवरणाखाली कपाटात असू शकतो. ‘ग्रंथालय : होय’ याचा अर्थ कुलूपबंद पेटी असाही होतो. ‘प्रथम’चा ‘असर’ अहवाल २००५ पासून ग्रामीण मुलांच्या वाचन-गणिताची घरोघर जाऊन चाचणी घेत आला आहे आणि केंद्र शासनाची संपादणूक सर्वेक्षणेही आहेत. ती जिल्ह्याची, राज्याची प्रकृती सांगतात. आपल्या वाडीवरच्या शाळेविषयी ती काही सांगत नाहीत आणि तसा त्यांचा दावाही नाही.

तेव्हा शाळा पाहायला जावेच लागते. पण केव्हा? चाकरमानी गावी येतो गणपतीत आणि मे महिन्यात, आणि नेमकी याच दोन वेळांना शाळा बंद असते. बंद खिडकीतून आत डोकावायचे, भिंतीवरची चित्रे पाहायची, पटांगण मोठे आहे म्हणायचे आणि परतायचे, हे झाले शाळेचे दर्शन! माझे आग्रहाचे सांगणे असे की शाळा पाहायची तर जुलैत पाहावी. मुसळधार पावसाच्या दिवशी, घरापासून शाळेपर्यंत मुलाच्या पावलांनी चालत जाऊन पाहावी. शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांत पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावी असे सांगितले आहे. पण कोकणातला एक किलोमीटर कसा असतो हे कोकणातल्या माणसालाच विचारावे. मध्ये व्हाळ असतो, त्यावर साकव असतो आणि पुराच्या दिवशी त्या साकवावरून मूल पाठवायला आईचा धीर होत नाही. दोडामार्गसारख्या तालुक्यात तर २००२ पासून कर्नाटकातून उतरलेल्या रानटी हत्तींचाही वाटेवर विचार करावा लागतो. पावसात छप्पर कुठे गळते, गळत असेल तर मुले कुठे बसतात, खिचडी शिजविण्याची जागा कोरडी आहे का, ही उत्तरे मे महिन्यात मिळणारी नाहीत.

जुलैत गेलेल्या पालकाला आणखी एक गोष्ट दिसते, आणि माझ्या मते सगळ्या पारखीचे मर्म तिच्यात आहे: शिक्षक आहे की नाही आणि असेल तर तो किती दिवस असणार आहे. सिंधुदुर्ग-रत्नागिरीची ही जुनी दुखरी नस. भरती राज्यपातळीवर होते. घाटावरचे, मराठवाड्याचे उमेदवार येथे नेमणुकीवर येतात, काही वर्षे काढतात आणि आंतरजिल्हा बदलीची वाट पाहतात. त्यात त्यांचा दोष मानण्याचे कारण नाही. म्हातारे आईवडील बीडला आणि नोकरी वैभववाडीला, अशा माणसाने घरी परत जाण्याची इच्छा धरू नये काय? जी ओढ चाकरमान्याला गावाकडे खेचते तीच त्यालाही खेचते. पण २०२३ मध्ये एकाच वेळी मोठ्या संख्येने बदल्या होऊन शिक्षक कार्यमुक्त झाले, तेव्हा कोकणातील कित्येक शाळांत वर्गावर जायला कुणी उरले नाही, आणि निवृत्त शिक्षकांना व स्थानिक डी.एड.धारकांना पाचारण करावे लागले. म्हणून मुख्याध्यापकांना विचारण्याचा पहिला प्रश्न हाच : येथील शिक्षक या शाळेत किती वर्षे आहेत? गेल्या पाच वर्षांत पहिलीच्या वर्गाला किती शिक्षक बदलले? इमारतीवर झालेल्या खर्चाचे फलक दाराशी लागलेले असतात. या प्रश्नाचे उत्तर कुठल्याही फलकावर नसते.

दुसरा प्रश्न भाषेचा, आणि तो शहरातून येणाऱ्या पालकांना सहसा सुचत नाही. वाडीवरची मुले घरी मालवणी बोलतात. ‘माका येता’ म्हणणाऱ्या पोराला ‘मला येते असे म्हण’ म्हणून दटावणारा शिक्षक आणि तेच वाक्य हसून स्वीकारून त्यावरून प्रमाण मराठीकडे नेणारा शिक्षक, यांच्या वर्गात पाच मिनिटे बसले तरी फरक कळतो. नांदेडहून आलेल्या एखाद्या बाई वर्षभरात मालवणी शिकून घेतात आणि गावातलाच एखादा गुरुजी ती वर्गाबाहेर ठेवतो, असेही पाहावयास मिळते. डोंबिवलीहून आलेल्या मुलाची गोष्ट उलटी. पुस्तकाची भाषा त्याची, मधल्या सुट्टीची भाषा परकी. त्याला खेळात घेतील का, याची काळजी त्याच्या आईला असते. ती रास्तही आहे. परंतु मुले भाषा मोठ्यांपेक्षा लवकर उचलतात आणि दिवाळीपर्यंत पोरगा आजीशी मालवणीत भांडू लागतो.

वर्गात बसण्याची परवानगी मागावी. बहुतेक गुरुजी आनंदाने देतात. छोट्या शाळेत एकाच खोलीत दोन-तीन इयत्ता बसतात, हे पाहून शहरी पालक दचकतो. दचकण्याचे कारण नाही. एकाच खोलीत पहिलीची मुले खड्यांनी बेरीज मांडत आहेत, तिसरीची एकमेकांना वाचून दाखवीत आहेत आणि शिक्षक चौथीजवळ बसला आहे, असे दृश्य दिसले तर ती शाळा निःशंकपणे चांगली समजावी. एका इयत्तेला फळ्यावरचे उतरवून घ्यायला सांगून दुसरीला शिकविणे चालले असेल, तर मात्र दहा मुलांच्या वर्गातही मूल मागे पडते. गुरुजींच्या संमतीने तिसरी-चौथीतल्या मुलाला दुसरीच्या पुस्तकातला एखादा परिच्छेद वाचायला सांगावा. मूल अडखळले तर त्याला रागावू नये आणि शाळेलाही लगेच नापास करू नये. अडखळल्यावर गुरुजी काय करतात तिकडे पाहावे.

दुपारी पोषण आहाराच्या वेळी थांबावे. वाडी-वाडीची मुले तेथे एका पंगतीत बसतात. आपले मूल त्या पंगतीत बसणार की घरच्या डब्यासह कोपऱ्यात, याचा निर्णय शाळेने करायचा नसतो. तो आपण करायचा असतो. समतेवर व्याख्याने ऐकणाऱ्या आपल्या मध्यमवर्गाची कसोटी अशा किरकोळ ठिकाणी लागते.

प्रवेशाची भीती मात्र बाळगू नये. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मध्येच आलेल्या मुलालाही प्रवेश नाकारता येत नाही, दाखला येण्यास उशीर झाला हे कारण चालत नाही, आणि मुलाची अथवा पालकांची चाचणी घेण्यास सक्त मनाई आहे. पुढची वाट आधी पाहून ठेवावी. शाळा चौथीपर्यंत, पाचवीपर्यंत की सातवीपर्यंत? त्यानंतरचे विद्यालय किती दूर, एस.टी. केव्हा येते, आणि अकरावीला विज्ञान शाखा घ्यायची झाली तर कुडाळ-कणकवलीला जावे लागेल का? नवोदय विद्यालयाचा विचार मनात असेल, तर पाचवी त्याच जिल्ह्यात झालेली असावी लागते, आणि ग्रामीण जागांसाठी तिसरी ते पाचवी ही तिन्ही वर्षे ग्रामीण शाळेत गेलेली असावी लागतात. चौथीच्या मध्यावर गावी जाणाऱ्यांना हे कळते तेव्हा उशीर झालेला असतो.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहावासा वाटला ती. शाळा पाहून झाल्यावर बहुतेक कुटुंबे काय करतात? गावात राहतात आणि मुलाला तालुक्याच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत व्हॅनने पाठवितात. प्रत्येकाला आपल्या मुलाचे हित पाहण्याचा अधिकार आहे. पण शहरात एका कुटुंबाच्या निवडीने शाळेचे काही बिघडत नाही, गावात बिघडते. सिंधुदुर्गची लोकसंख्या २००१ मध्ये सुमारे ८ लाख ६९ हजार होती, ती २०११ मध्ये साडेआठ लाखांवर आली. माणसे घटली तशी शाळांतली मुलेही घटली. २०१७ मध्ये राज्य शासनाने दहाहून कमी पटाच्या तेराशेच्या वर शाळा बंद करण्याचा निर्णय घेतला. २०२३ मध्ये वीसच्या आतील शाळांचे एकत्रीकरण करून समूह शाळा काढण्याचा प्रस्ताव आला; अशा शाळा राज्यात चौदा हजारांहून अधिक होत्या. कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे साठपर्यंत मुलांच्या शाळेला दोन शिक्षक हवेत. मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या निकषांनी मात्र वीस या आकड्याला विलक्षण महत्त्व आणून ठेवले. ज्या शाळेचा पट एकोणीस आहे, तेथे मुंबईहून आलेली दोन भावंडे म्हणजे दुसऱ्या शिक्षकाची आशा असते. तीच भावंडे सकाळी व्हॅनमध्ये बसून शाळेसमोरून निघून जातात तेव्हा गुरुजी पाहत असतात. आपण शाळेची पारख करीत असतो त्याच वेळी शाळेचे भवितव्य आपल्या हाती असते, हे भान या कुटुंबांना कुणी दिलेले नसते.

याचा अर्थ मुलाला बळी द्यावे असा नाही. जेथे वर्षानुवर्षे शिक्षकच टिकत नाही, जेथे चौथीच्या मुलाला ओळ वाचता येत नाही आणि त्याचे कुणाला काही वाटत नाही, तेथे आपले मूल घालून समाजकार्य करू नये. अशा वेळी शेजारच्या गावची केंद्रशाळा पाहावी. परंतु शिक्षक चांगला आहे, मुले वाचतात, उणीव फक्त पटाची आहे, अशा शाळेला केवळ पाटी मराठी आहे म्हणून नाकारणे मला पटत नाही. शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालकांमधून आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला असाव्यात, असे कायदा सांगतो. या समित्यांच्या बैठकांचे इतिवृत्त पुष्कळदा एकाच हाताने लिहिलेले आणि सह्या घरोघर जाऊन घेतलेल्या असतात. कार्यालयात अर्ज कसा लिहावा, शिक्षक नसेल तर गटशिक्षणाधिकाऱ्यांना कुठल्या शब्दांत विचारावे हे जाणणारे एक कुटुंब समितीत आले, तर त्या शाळेचे चित्र पालटू शकते. डोंबिवलीच्या त्या कुटुंबातील गृहिणी आज अशा समितीत आहेत आणि गावातल्या बायकांना घेऊन दर महिन्याची बैठक खरोखर भरवितात.

ज्यांचा निर्णय झाला आहे त्यांना एक व्यावहारिक सूचना. संचमान्यतेसाठी पट मोजला जातो तो ३० सप्टेंबरचा, आणि आधार जुळलेल्या मुलांचाच. दिवाळीच्या सुट्टीत बिऱ्हाड हलविण्याचा बेत सोयीचा वाटतो, पण त्या वर्षीच्या गणतीत आपली मुले येत नाहीत. यायचेच असेल तर जूनमध्ये शाळा उघडते त्या दिवशी हजर असावे, आणि जुन्या शाळेकडून ऑनलाइन नोंद वर्ग करून घेण्याचा अर्ज त्याच आठवड्यात करावा.