संथपणाचं स्तोम

लार्ज फॉरमॅट कॅमेऱ्याचं कौतुक निघालं की एक वाक्य हमखास येतं : ‘तो तुम्हाला संथ करतो.’ ट्रायपॉड लावा, काळ्या कापडात डोकं घाला, काचेवर उलटं दिसणारं दृश्य भिंगातून न्याहाळा आणि ४ बाय ५ इंचाच्या शीटवर एकच फोटो घ्या. जणू ध्यानधारणाच! फोनवर फोटो काढणारे आपण मात्र उथळ.

हा निव्वळ अहंगंड आहे. लार्ज फॉरमॅटवरच्या सर्वांत गाजलेल्या फोटोंपैकी एक चक्क घाईत काढलेला आहे. १ नोव्हेंबर १९४१. न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावर चंद्र आलेला, दफनभूमीतले क्रूस मावळत्या उन्हात चमकत होते. ॲन्सल ॲडम्सनं गाडी थांबवली, धावपळ करत ८ बाय १० इंचाचा कॅमेरा उभा केला. लाइट मीटर सापडेना. पण चंद्र किती तेजस्वी असतो, तो आकडा त्याला पाठ होता. त्यावरून त्यानं एक्स्पोजर ठरवलं. दुसरा फोटो घ्यायच्या आत ऊन गेलं. तिथं कामी आली ती तयारी, संथपणा नव्हे.

‘फिल्म खोटं बोलत नाही’ हा दावाही इथंच कोसळतो. याच निगेटिव्हचं आकाश ॲडम्सनं पुढच्या काही दशकांत प्रिंट काढताना अधिकाधिक काळं करत नेलं.

मग हा कॅमेरा शिकायचा कशाला? निर्णय घ्यायला. निगेटिव्हवर जी सावली उजेडाअभावी कोरी राहिली, तिच्यात नंतर काहीही भरता येत नाही. म्हणून दरीतल्या अंधारात किती दिसायला हवं, हे शटर दाबण्याआधी ठरवावं लागतं. फोन हे विचारतच नाही. तो पाठोपाठ अनेक फ्रेम घेतो, त्या जुळवतो, सावल्या उजळतो, आकाश आवरतो. तुमच्या दरीत किती अंधार असावा, हे दुसऱ्याच कुणीतरी ठरवलेलं असतं. भांडायचं तर याच्याशी भांडा, वेगाशी कशाला?

एक शीट धुण्यासकट काही शे रुपयांना पडते. परवडत असेल तर जरूर घ्या, पण तो खर्च म्हणजे पुण्य नव्हे. नसेल परवडत, तर फोनच्या प्रो मोडमध्ये जा, शटर आणि आयएसओ स्वतः लावा, रॉ फाइल ठेवा. काय काळं राहू द्यायचं, ते आधी ठरवा. चुकलंच, तर निदान चूक तुमची असेल.