खेळ ठरवण्याआधी विचारा

डिसेंबर आला की नागपुरातल्या सोसायट्यांमध्ये हाऊजी, अंताक्षरी आणि सांताच्या गुपचूप भेटींचे बेत शिजू लागतात. गटात एखादी बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू समाजातली मैत्रीण असेल, तर चिठ्ठ्या टाकण्याआधी तिला विचारा. ती परकी नाही, तिच्याही घरची बोली मराठीच. तिचे पूर्वज कोकणात तेलघाणे चालवत आणि शनिवारी बंद ठेवत, म्हणून त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्र पडेपर्यंत ती शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा दिवस पाळत असेल, तर खेळांसाठी रविवारच बरा. तिचा हनुक्का हा सण म्हणजे ज्यूंचा नाताळ नव्हे. दिव्यांच्या त्या आठ रात्री चार बाजूंचा भोवरा फिरवून गोळ्या-दाण्यांचा डाव रंगतो. तोही घ्या, नियम तिच्याकडूनच ऐका. आणि सांताची टोपी तिला नको असेल, तर आग्रह अजिबात करू नका.